दोर कापणारे चित्रपट

'क्लिफहँगर' ज्याने पाहिलाय त्याला शेवटची मारामारी आठवणार नाही कदाचित, पण ते बक्कल नक्की आठवेल. सुळक्यावरून पलीकडच्या कड्यापर्यंत ताणलेली तार, तारेला लोंबकळत निघालेली सेरा, आणि अर्ध्या वाटेत तिच्या हार्नेसचं बक्कल सुटतं. नायक गेब सरपटत तिच्यापर्यंत पोचतो, हात धरतो. मग हातमोजा तेवढा त्याच्या मुठीत राहतो आणि ती जाते. दरी किती खोल आहे हे आपण आधीच पाहून ठेवलेलं असतं. जीव खालीवर होतो तो मात्र त्या धातूच्या तुकड्यामुळे आणि हातमोज्यामुळे. गिर्यारोहणाच्या थरारपटांचं सगळं मर्म मला इथे दिसतं. डोंगर कितीही मोठा असो, भीती वीतभर जागेत राहते. म्हणूनच हे चित्रपट घरच्या छोट्या टीव्हीवरही तगले.

रेनी हार्लिनचा हा चित्रपट १९९३ चा. नायक सिल्व्हेस्टर स्टॅलोन, खलनायक जॉन लिथगो. गोष्ट अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातली, चित्रीकरण बरंचसं इटलीच्या डोलोमाइट्समध्ये. सरकारी खजिन्याच्या दहा कोटी डॉलरच्या तीन पेट्या विमानातून बर्फात पडतात आणि चोरांना त्या शोधायला वाटाड्या लागतो, एवढंच कथानक. एका विमानातून दुसऱ्या विमानात तारेवरून जाण्याचा स्टंट सायमन क्रेनने १५,००० फुटांवर केला आणि त्याचे दहा लाख डॉलर घेतले. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. स्टॅलोनच्या जागी अवघड चढाया करणाऱ्यांत जर्मनीचा वोल्फगांग ग्युलिश होता. १९९१ मध्ये त्याने चढलेला 'अ‍ॅक्शन डायरेक्ट' हा मार्ग तेव्हा जगातला सर्वांत कठीण मानला गेला. दोराशिवाय कडे चढणारा हा माणूस ऑगस्ट १९९२ मध्ये मोटार अपघातात गेला. चित्रपट त्यालाच अर्पण केलेला आहे.

मध्य प्रदेशातल्या आमच्या मोहगाव-सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात असले चित्रपट आले ते कॅसेटमधून. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि कॅसेट नागपूरची, कारण आम्हाला नागपूर जवळ आणि भोपाळ लांब. लग्न, गणपती, पोळा, काहीही निमित्त पुरे; रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने यायचा आणि रात्रभरात तीन-चार चित्रपट उरकायचे. आयाबाया जाग्या असेपर्यंत हिंदी कौटुंबिक, त्यांचा डोळा लागला की पोट्ट्यांसाठी इंग्रजी मारधाड. संवाद कोणाला कळत नव्हते आणि त्यावाचून कोणाचं अडतही नव्हतं. पहाटे व्हीसीआर परत करायचा असल्यामुळे शेवटचा चित्रपट बहुधा निम्म्यावर तुटायचा. कित्येकांना खलनायकाचं पुढे काय झालं हे वर्षानुवर्षं माहीत नव्हतं.

त्या कॅसेटमध्ये आमची फसवणूक केवढी होत होती, हे पुढे उमगलं. 'क्लिफहँगर'चं चित्र उंचीच्या जवळपास २.४ पट रुंद आहे. जुन्या टीव्हीचा पडदा उंचीच्या जेमतेम १.३३ पट रुंद. त्यात चित्र बसवायचं म्हणून दोन्ही बाजू कापल्या जायच्या, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त डोंगर कॅसेटमध्ये शिरतच नव्हता. व्हीसीडी आली तेव्हा वेगळीच तऱ्हा. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एका तबकडीवर ७४ मिनिटं. बर्फ आणि धुकं दाखवायला ते ठिपके अपुरे पडायचे. हिमवादळ सुटलं की पडद्यावर पांढऱ्या-करड्या चौकटी नाचायच्या. त्यातच नेमक्या मोक्याच्या जागी 'दुसरी तबकडी लावा'. २००७ मध्ये मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा भाड्याचा हिशेबच मोडला. 'क्लिफहँगर'ची ४के तबकडी २०१९ मध्ये आली. तिच्यात कापलेला डोंगर परत मिळाला, आणि स्टुडिओत कुठे काय खोटं उभारलंय तेही स्वच्छ दिसू लागलं. रिमोटवर थांबवून-मागे घेऊन पाहण्याची सोय दिग्दर्शकांना कधीच मानवलेली नाही.

बर्फात पडलेलं विमान आणि त्यावर टपलेली माणसं, ही कल्पना हॉलिवूडला आयती मिळालेली आहे, आणि तिचं मूळ आपल्या दारात आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला निघालेलं एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ४८ जण होते, कोणीही वाचलं नाही. प्रवाशांत बहुसंख्य भारतीय खलाशी होते, परदेशात बोटीवर रुजू व्हायला निघालेले. शोधायला गेलेला पायथ्याच्या शामोनी गावचा वाटाड्या रने पेयो हिमभेगेत पडून मेला. त्या अपघातावरून आँरी त्र्वाया यांनी कादंबरी लिहिली आणि तिच्यावर १९५६ मध्ये 'द माउंटन' हा चित्रपट निघाला. धाकटा भाऊ पडलेलं विमान लुटायला निघतो, थोरला त्याला एकटं सोडवत नाही म्हणून सोबत जातो, आणि वर एक भारतीय बाई जिवंत सापडते. थोरल्याच्या भूमिकेत स्पेन्सर ट्रेसी, धाकट्याच्या रॉबर्ट वॅग्नर. दोघांत तीस वर्षांचं अंतर, म्हणजे भाऊ कसले, बापलेक शोभतात. तरीही चढाईचे प्रसंग आजही घट्ट धरून ठेवतात. लूट की माणूस, हा प्रश्न 'क्लिफहँगर'ने बंदुकांच्या गदारोळात घालवला. इथे तो दोन भावांमध्ये उघडा उभा राहतो.

पुढे २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वतावर एअर इंडियाचं 'कांचनजंगा' पडलं. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा. हिमनदी त्या विमानांतलं सामान हळूहळू खाली सरकवते आहे. २०१३ मध्ये एका तरुण गिर्यारोहकाला तिथे माणिक, पाचू, नीलम भरलेली पेटी सापडली. त्याने ती थेट पोलिसांच्या हवाली केली. पेटी बहुधा १९६६ च्या विमानातली. वारस मिळाला नाही, तेव्हा २०२१ मध्ये शामोनी गाव आणि तो तरुण यांच्यात खडे निम्मेनिम्मे वाटले गेले, प्रत्येकी साधारण दीड लाख युरोंचे. पटकथा लिहिणाऱ्याने असा प्रामाणिक नायक आणला असता तर निर्मात्याने तो खोडला असता.

क्लिंट ईस्टवुडच्या १९७५ च्या 'द आयगर सँक्शन'बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हेरगिरीची कथा ढिली आहे, कडा खरा आहे, आणि त्या खरेपणाची किंमत डेव्हिड नोल्स या ब्रिटिश गिर्यारोहकाने दिली. चित्रीकरणात दरड कोसळून तो गेला.

'व्हर्टिकल लिमिट' (२०००) मात्र आपल्याकडे खूप पाहिला गेला. के-टूवर अडकलेल्यांना काढायला पाठीवर नायट्रोग्लिसरीन बांधून निघायचं, हा प्रकार जाणत्या गिर्यारोहकांना हसू आणतो. डोंगरही न्यूझीलंडचे. पण मार्टिन कॅम्पबेलने सुरुवात जबरदस्त केली आहे: एका दोरावर बाप आणि दोन मुलं, वजन पेलेना, आणि बाप मुलाला म्हणतो, माझा दोर काप. पुढचा सगळा चित्रपट त्या एका निर्णयाचं ओझं वाहतो. हाच प्रसंग खराखुरा पाहायचा तर केव्हिन मॅक्डोनाल्डचा 'टचिंग द व्हॉइड' (२००३) आहे. १९८५ मध्ये पेरूमधल्या सिउला ग्रांदेवर सायमन येट्सने पाय मोडलेल्या जो सिम्प्सनचा दोर कापला, आणि सिम्प्सन हिमभेगेतून बाहेर पडून रांगत तळावर पोचला. दोघंही कॅमेऱ्यासमोर बसून सांगतात. शेवट माहीत असतो, तरी घाम फुटतो.

दोर कापण्याची गोष्ट मराठी माणसाला कोणी सांगायला नको. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडावर सूर्याजीने दोर कापले ते मागे फिरण्याची वाट बंद करायला. तिकडे दोर कापणारा आयुष्यभर अपराधी राहतो, आपल्याकडे तो लढाई जिंकून देतो. यावर बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' हा मूकपट काढला, त्यात व्ही. शांताराम शेलारमामा झाले होते; पुढे १९३३ मध्ये त्यांनी स्वतः प्रभातचा 'सिंहगड' केला. ओम राऊतचा 'तान्हाजी' (२०२०) घरोघरी मोबाइलवरही पोचला, पण त्यातला कडा संगणकातला आहे आणि तिथे कोणाची बोटं सोलवटत नाहीत. प्रसाद ओकच्या 'हिरकणी'त (२०१९) थरारपटाचा खरा ऐवज होता. एकटी बाई, बंद दरवाजे, खाली तान्हं मूल, कोजागिरीची रात्र आणि उतरायला सरळसोट कडा. सोनाली कुलकर्णीने जीव ओतलाय. कड्याने मात्र साथ दिली नाही; तो कृत्रिम आहे हे पहिल्या पावलाला कळतं.

हे खटकतं, कारण दगड आमच्या ओळखीचा आहे. मोहगाव कलानच्या गाळथरांत सापडणारे फळांचे आणि पाम वृक्षांचे जीवाश्म जगभरच्या पुरावनस्पतिशास्त्रज्ञांनी अभ्यासले आहेत. ते थर ज्या लाव्हाच्या थरांमध्ये दबले, त्याच दख्खनी बसाल्टचा कोकणकडा आणि लिंगाणा. या दगडात हातोड्याने बोल्ट मारणाऱ्याला 'क्लिफहँगर'मधली ठो करून बोल्ट ठोकणारी बंदूक पाहून हसावं की रडावं कळत नाही. भोक पाडता पाडता खांदे भरून येतात. वर घसारा, सुटे धोंडे, वाळलेलं गवत. ही धास्ती अजून एकाही मराठी चित्रपटात नीट उतरलेली नाही.

खरे डोंगर चढणारी माणसं आपल्याकडे नाहीत असं तर म्हणताच येणार नाही. २०१२ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोचले, २०१९ मध्ये कांचनगंगेवर. आमच्या बाजूला तामियाच्या भावना डेहरिया २२ मे २०१९ रोजी एव्हरेस्टवर उभ्या राहिल्या. तेव्हा मराठी निर्मात्यांना विनंती एवढीच: पुढचा गड चढवाल तेव्हा हिरवा पडदा गुंडाळून ठेवा, अशा माणसांना बोलवा आणि खऱ्या दगडावर दोर टाका. सह्याद्रीत परवानग्यांचं जमत नसेल तर सातपुड्यात या. पाताळकोटचे कडे तामियाजवळ आहेत, आणि नागपूरहून निघालात तर वाटेत सौंसर लागतं.