माशांना आठवड्यातून एक उपवास

दिवाणखान्यात माशांची काचेची पेटी आली, की घरातल्या प्रत्येकाला अन्नदानाची ओढ लागते. सकाळी फिरून आलेले आजोबा चिमूटभर दाणे टाकतात. शाळेत जाताना धाकटी टाकते, दुपारची कामे आटोपून वहिनी टाकतात आणि रात्री कचेरीतून आलेले गृहस्थ, "आज कुणी यांना काही घातलं की नाही?" असे पुटपुटत डबी उघडतात. प्रत्येकाची चिमूट एकच, पण माशांची जेवणे चार! थोड्याच दिवसांत पाणी दुधाळते, एखादा मासा उलटा तरंगतो, आणि दुकानदाराने रोगट मासा गळ्यात मारला असा निकाल लागतो. मासे पाळण्याची माझी हौस ओळखीच्या मंडळींना ठाऊक असल्यामुळे अशा वेळी मला बोलावणे येते. ते औषध विचारतात. मी खाण्याची डबी बघायला मागतो.

पूर्ण वाढलेल्या माशाला दिवसातून एकदा, फार तर दोनदा खाणे पुरे. तेही दोन मिनिटांत फस्त होईल इतकेच. शिवाय आठवड्यातून एक दिवस कडकडीत उपवास. हे ऐकले की घरातल्या बायकांचा जीव कळवळतो. "अहो, मुक्या जिवाला उपाशी ठेवायचं?" पण जरा हिशेब पाहा. आपल्या अन्नाचा मोठा वाटा शरीर ऊबदार राखण्यातच जळतो. माशाला ती चूल पेटवावीच लागत नाही. पाणी जितके गरम, तितकेच साधारणतः त्याचे अंग गरम. पुण्याच्या थंडीत पाणी गारठले, की सोनमाशाची भूक आणखी मंदावते.

"मग आम्हांला पाहून ते काचेशी धावत का येतात?" माणसाची सावली आली की वरून दाणे पडतात, हे मासा लवकर शिकतो, म्हणून! नदी-तळ्यात पुढचा घास केव्हा मिळेल याची शाश्वती नसते. तेव्हा समोर येईल ते गिळावे, हा त्याचा पिढीजात स्वभाव. त्या धावपळीवरून पोटाची परीक्षा करू नये.

खरा घात होतो तो पाण्याचा. मासा खाल्लेल्याचा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे त्याच पाण्यात सोडतो. तळाशी कुजणारे दाणे त्यात भर घालतात. अमोनिया माशाला विषच. वाळूत आणि गाळणीत वाढणारे उपकारक जिवाणू त्याचे आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच. आणि मग पुष्कळच सौम्य असे नायट्रेट. पण नव्या पेटीत हे जिवाणू पुरेसे वाढायला काही आठवडे लागतात, आणि नव्या पेटीचे कौतुक ऐन भरात असते तेही नेमके तेव्हाच! त्यातून कुजणारे अन्न प्राणवायूही खाते. मग मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करू लागतात, आणि घरातली मंडळी म्हणतात, "बघा, भुकेले आहेत," की आणखी एक चिमूट!

सगळ्यांना एकच नियम मात्र लावू नये. सोनमाशाला जठरच नसते, अन्न थेट आतड्यात उतरते. म्हणून त्याचे जेवण दोनदा विभागून द्यावे. ऑस्करसारख्या मोठ्या शिकारी माशाला, तो पुरता वाढल्यावर, एक दिवसाआडही चालते. तळाशी वावरणारे मिशाळ मासे बहुधा रात्रीचे जेवणारे, त्यांचा वाटा दिवा मालवल्यावर टाकावा. पिल्लांची गोष्ट निराळी. त्यांना दिवसातून चार-पाचदा अगदी थोडे थोडे लागते.

माझ्या मते डबी एकाच्याच ताब्यात असावी, आणि शक्यतो ती घरातल्या सर्वांत लहान शहाण्या माणसाच्या. मुले अशी जबाबदारी वडीलधाऱ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळतात.

आता दिवाळीत चार-सहा दिवस गावी जायचे झाले, तर? धडधाकट मोठे मासे तेवढे दिवस काही न खाता सहज काढतात. दुकानात मिळणारी, हळूहळू विरघळणारी सुट्टीची वडी लहान पेटीत टाकू नये; ती पाणी बिघडवते. निघण्याच्या एक-दोन दिवस आधी चौथाई पाणी बदलावे आणि हवेचा पंप चालू ठेवावा. शेजाऱ्यांकडे किल्ली द्यायचीच असेल, तर एक दिवसाआडच्या चिमटीच्या पुड्या बांधून द्याव्यात आणि डबी आपल्याबरोबर न्यावी. परतल्यावर नेहमीचीच चिमूट घालावी. राहिलेल्या दिवसांची थकबाकी एकदम फेडायला जाऊ नये.