रक्त पातळ होणं आणि रक्त कमी होणं

भाचीला सातवा महिना लागला तेव्हा तिचा रक्ताचा रिपोर्ट घरभर फिरला. एरवी साडेबारा असायचं ते हिमोग्लोबिन १०.८ वर आलं होतं. आजी म्हणाली, ‘पोरीच्या अंगात रक्तच उरलं नाही गं.’ दुसऱ्या दिवसापासून बीट आणि खजूर सुरू. खरं तर त्या दिवशी तिच्या अंगात आयुष्यात कधी नव्हतं इतकं रक्त होतं.

गरोदरपणात रक्तवाहिन्या सैलावतात. भांडं मोठं झालं की आतला ऐवज अपुरा पडतो. मूत्रपिंडाला हे कळतं आणि ते मीठ-पाणी राखून ठेवू लागतं. रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. जवळजवळ सव्वा लिटर. तांबड्या पेशीही वाढतात, पण त्याच्या निम्म्यानेच. त्यामुळे दर डेसिलिटरमागे मोजलेला आकडा खाली येतो. ही तूट नव्हे, तयारी आहे. पातळ रक्त वारेतून सहज खेळतं, आणि बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेलं तरी बाई तग धरते. उलट शेवटच्या महिन्यांत आकडा चढाच राहिला, तर प्लाझ्मा नीट वाढला नाही की काय अशी शंका डॉक्टरांना येते. मग ते रक्तदाब आणि बाळाची वाढ जास्त बारकाईने पाहतात.

मग सगळं आलबेलच का? नाही. भारतात गरोदर बाईसाठी ११ ही रेघ मानतात आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया त्या रेघेखाली होत्या. रक्त पातळ होणं वेगळं आणि कमी होणं वेगळं, पण रिपोर्टवर दोन्ही एकाच आकड्यात उतरतात. ते वेगळे करायला काचेवरचा थेंब पाहावा लागतो.

ओळखीच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी मला तो दाखवला. थेंब काचेवर ओढून पसरलेला, लीशमन रंगाने रंगवलेला. निरोगी तांबडी पेशी मध्यभागी फिकट असते, पण तो फिकटपणा तिच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच. लोह संपलं की पेशी लहान होतात आणि मधला फिकटपणा कडेपर्यंत पसरतो. नुसती कडी उरते. त्याच काचेवर त्यांनी दुसरं काही दाखवलं. मोठ्या, लांबट, ठासून भरलेल्या पेशी, आणि एका पांढऱ्या पेशीचं केंद्रक सहा पाकळ्यांत तुटलेलं. ही फोलेटची उणीव. फोलेट नसेल तर पेशीला डीएनए पुरेसा बनवता येत नाही. ती वाढत राहते, पण दुभंगत नाही. ज्या बाईचं ते रक्त होतं तिला लोह आणि फोलेट दोन्ही कमी होतं. यंत्राने पेशींच्या आकाराची सरासरी काढली होती, ती मात्र अगदी नॉर्मल. लहान आणि मोठ्या पेशींनी एकमेकींना झाकून टाकलं होतं.

या मोठ्या पेशींचं कोडं मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत सुटायला लागलं. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज संशोधक तिथे आली. कापडगिरण्यांच्या त्या मुंबईत गरीब कामकरी बायका गरोदरपणात विलक्षण पांढऱ्या पडत आणि कित्येक दगावत. विल्सने औषधाआधी त्यांचं ताट पाहिलं. भाजी, फळं, दूध, मांस यांचा त्यात जवळजवळ पत्ता नव्हता. तिने आधी उंदरांना तसाच आहार दिला, पण त्यांच्यात उवांमार्फत पसरणारा जिवाणू निघाला आणि निष्कर्ष डळमळले. मग तिने माकडं घेतली. आहाराने खंगलेलं माकड मार्माइटने, म्हणजे बिअरच्या यीस्टच्या स्वस्त अर्काने, सावरलं. गरोदर बायकांनाही तो अर्क लागू पडला आणि १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं. त्या काळी रक्तक्षयावर यकृताच्या अर्काचा बोलबाला होता. या बायकांना मात्र शुद्ध केलेला अर्क लागू पडेना, कच्चा पडे. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी निघून जात होतं. हे ‘काहीतरी’ बरीच वर्षं ‘विल्स घटक’ म्हणूनच ओळखलं गेलं. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं केलं गेलं. पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागले. विल्स घटक म्हणजे हेच फोलेट. १९४५ पर्यंत ते प्रयोगशाळेत बनू लागलं. ते बनवणाऱ्या चमूचं नेतृत्व भीमावरमला जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होतं.

मला विल्सचं मोल वाटतं ते यासाठी, की तिने या बायकांच्या अशक्तपणाला नशीब किंवा हवामान म्हणून सोडून दिलं नाही.

आजीच्या बिटाबद्दलही न्यायाने बोलायला हवं. त्याचा लाल रंग रक्ताचा नव्हे आणि लोहही त्यात बेताचंच. पण फोलेट चांगलं असतं. अडचण आपल्या चुलीवर होते. फोलेट पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नासतं. पालेभाजी खूप वेळ उकळून पाणी ओतून दिलं, की त्यातलं बरंचसं मोरीत जातं.

भाचीच्या काचेवर मोठ्या पेशी नव्हत्या. थोड्या लहान, किंचित फिकट पेशी होत्या. म्हणजे बरंच रक्त पातळ झालेलं आणि थोडं लोह खरंच कमी. तिला लाल गोळी मिळाली, आशाताई वाटतात तीच: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, रोज एक, १८० दिवस. चहासोबत घ्यायची नाही, एवढं आजीला तीनदा सांगावं लागलं. बाळंतपणानंतर वाढलेलं पाणी शरीराने हळूहळू सोडून दिलं, आणि पुढच्या रिपोर्टात आकडा पुन्हा बारावर होता. आजीने त्याचं श्रेय बिटाला दिलं; भाचीने गोळ्यांची रिकामी पाकिटं दाखवली.