विश्लेषण : गोव्याचा पोदेर भट्टी का सोडतोय?

गोव्यातल्या गावात पहाटे सायकलचा रबरी भोंगा वाजतो आणि घरोघरची माणसे पिशवी घेऊन दाराशी येतात. सायकलच्या मागे मोठी टोपली, तिच्यावर प्लास्टिकचे आच्छादन आणि आत गरम पाव. हा पाववाला म्हणजे पोदेर. संध्याकाळी चहाच्या सुमारास त्याची दुसरी फेरी असते. सायकल आजही येते. मात्र जुनी पोदेर कुटुंबे एकेक करून भट्टीपासून दूर होत आहेत.

पाव गोव्यात रुजला कसा?

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला. त्यांना जेवणात पाव हवा होता आणि इथे पिकत होता तांदूळ. गहू बाहेरून आणता आला, पण पीठ फुगवायला यीस्ट नव्हते. उपाय माडावर सापडला. नारळाच्या माडाची ताडी, म्हणजेच सूर, पिठात घातली की पीठ आंबून वर येते. ही कला सासष्टी भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांनी उचलली. माजोर्डा गावाचे नाव त्यात आवर्जून घेतले जाते. ‘पोदेर’ हा शब्दही पोर्तुगीज ‘पादेइरू’वरून आला.

पावाने बाटवल्याच्या गोष्टी कोकणपट्टीत पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या. विहिरीत पावाचा तुकडा पडला, पाणी प्यायले, धर्म गेला! आज गोव्यातल्या हिंदू घरांतही सकाळी पातळभाजी आणि पाव असतो. पोदेर दोन्हीकडच्या दारांत थांबतो.

रोज एकच पाव नसतो?

नाही, आणि गोंयकार त्याबाबत चोखंदळ असतो. चौकोनी मऊ पाव सगळ्यांना माहीत आहे. उंडो गोल आणि कडक कवचाचा, रश्श्यात बुडवायला. पोई चपटी, कोंडा लावलेली आणि आतून पोकळ. तिच्यात चोरीस किंवा भाजी भरतात. कातरो पावाला कात्रीने कापून फुलपाखराचा आकार देतात. काकण म्हणजे बांगडीसारखा कुरकुरीत पाव, चहात बुडवून खायचा. ख्रिस्ती लग्नात नवरीबरोबर जे ‘वोजें’ जाते, त्यात बोल नावाचा गोड पाव असतो. थोडक्यात, न्याहारीपासून लग्नापर्यंत गावाचे काम पोदेराकडे असायचे.

दहावीच्या एनसीईआरटी इंग्रजी पुस्तकात लुसियो रॉड्रिग्ज यांचा गोव्याच्या पाववाल्यावरचा पाठ आहे. त्यामुळे गोव्यात कधी पाऊल न ठेवलेल्या मुलांनाही तो ओळखीचा असतो.

मग अडचण कुठे आहे?

सर्वांत आधी कामाच्या वेळेत. गाव झोपले की पोदेराचे काम सुरू होते. पीठ मळायचे, आंबू द्यायचे, लाकडांनी भट्टी तापवायची, निखारे बाजूला सारून लांब दांड्याच्या फळीने पाव आत सरकवायचे. उजाडायच्या आत टोपल्या भरल्या पाहिजेत. शिकून नोकरी किंवा परदेश गाठलेल्या मुलांना हे नको असते आणि त्यांना दोष देता येत नाही.

दुसरी अडचण दराची. मैदा, लाकूड, मजुरी सगळे महागते, पण पाव हे रोजचे अन्न असल्याने एका रुपयाची वाढही गावभर वादाचा विषय होते. चार-पाच रुपयांच्या पावात पोदेराच्या हाती फार उरत नाही.

तिसरी गोष्ट सुराची. माडावर चढून सूर काढणारे रेंदेर कमी झाले आणि बहुतेक भट्ट्या यीस्टवर गेल्या. यीस्टने काम लवकर आटोपते, पण सुराच्या मंद आंबवणाने येणारी किंचित आंबूस चव त्यात नसते. ‘पहिल्यासारखा पाव राहिला नाही’ ही वडीलधाऱ्यांची तक्रार त्यामुळे नुसता आठवणींचा खेळ म्हणता येत नाही.

भट्ट्या आता कोण चालवतो?

अनेक मालकांनी त्या भाड्याने दिल्या आहेत. कर्नाटकासह इतर राज्यांतून आलेले कामगार पीठ मळतात आणि सायकलही चालवतात. स्थलांतराची ही वाट गोंयकारांना नवी नाही. कधीकाळी गोव्याचे पोदेरच मुंबईत बेकऱ्या चालवायला गेले होते आणि मुंबईकरांनी गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला ‘मकापाव’ म्हणून चिडवले होते. आज गोव्यात परराज्यातला तरुण भोंगा वाजवतो. कोणत्या घरी किती पोई आणि किती उंडे द्यायचे, हे काही आठवड्यांत त्याला पाठ झालेले असते.