वेबसाइटचं ऑडिट करून घेताय? आधी आपलंच एक पान दाखवा



आपल्यापैकी बरेच जण स्वतःची शैक्षणिक वेबसाइट चालवतात. रात्र रात्र जागून स्वाध्याय बनवायचे, आणि गुगलवर शोधलं की आपलं नाव कुठेच नाही! मग फोन येतो, "पहिल्या क्रमांकावर आणून देतो, आधी ऑडिट करू." मी अशाच एकाला ४००० रुपये दिले. ४० पानी अहवाल आला, लाल-हिरव्या वर्तुळांनी भरलेला. गती, शीर्षकं, लिंक सगळं त्यात होतं. खरं दुखणं तेवढं नव्हतं.

माझे निम्मे स्वाध्याय डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून पीडीएफ केलेले. आपल्याला पडद्यावर 'अपूर्णांक' दिसतं, पण आत साठवलेली असतात भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. मग 'अपूर्णांक' शोधणाऱ्याला गुगल ते दाखवणार कसं? तपासणं सोपं आहे. त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअपमध्ये पेस्ट करा. अगम्य काहीतरी उमटलं, तर मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागेल. (मी अजून आणतेच आहे, तिसरीचं गणित झालंय!)

म्हणून पैसे देण्याआधी ऑडिटवाल्याला आपलं एक पान दाखवून विचारा, "हे गुगलवर का येत नाही?" उत्तर त्या पानाबद्दलच हवं. मराठी वाचणारं कोणी पान उघडून बघणार, की नुसतं सॉफ्टवेअर फिरवणार, हेही विचारा. सॉफ्टवेअरचा अहवाल तर फुकट मिळतो. गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स मोबाइलवरची गती सांगतं. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसायला हवा. सर्च कन्सोल कोणतं पान गुगलने नोंदवलं नाही आणि का, ते सांगतं.

पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला लांबूनच नमस्कार. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगलनेच लिहून ठेवलंय. सुधारणांचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्षसुद्धा लागतं. आणि ऑडिटसाठी पासवर्ड मागितला तर देऊ नका; सर्च कन्सोलमध्ये फक्त बघण्याची मर्यादित परवानगी पुरते.

वर्डप्रेस वापरत असाल तर 'सेटिंग्ज'मधलं 'रीडिंग' उघडा. शोधयंत्रांना मनाई करणारी एक चौकट तिथे असते. साइट बनवताना केलेली टिक कधीकधी तशीच राहून जाते. ती आजच बघून घ्या.