नवापूरच्या कोंबड्या, अर्जेंटिनाचे सील

फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या खान्देशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. पोल्ट्रीवर चूल पेटणाऱ्या घरांचे हाल झाले. माणसाला लागण झाल्याचे मात्र आढळले नाही.

पुढे हा एच५एन१ विषाणू बदलत गेला. त्याचा नवा प्रकार रानपक्ष्यांबरोबर २०२२ च्या अखेरीस दक्षिण अमेरिकेत पोहोचला. पेरूच्या किनाऱ्यावर आधी पेलिकन पक्षी मेले, मग २०२३ मध्ये हजारो समुद्रसिंह. त्याच वर्षी अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर हत्ती सीलची सुमारे १७ हजार पिल्ले दगावली. त्या हंगामात जन्मलेल्या दर शंभरातली पंचाण्णवहून अधिक!

पक्ष्यांचा रोग सीलला कसा? आजारी पक्ष्यांच्या संपर्कातून तो शिरला असावा. पण एवढी पिल्ले केवळ पक्ष्यांमुळे मेली नाहीत. सील किनाऱ्यावर दाटीने राहतात आणि विषाणू एका सीलकडून दुसऱ्याकडे गेल्याच्या खुणा शास्त्रज्ञांना मिळाल्या. काळजी इथेच आहे. सील आपल्यासारखेच पिल्लांना दूध पाजणारे प्राणी. माणसांमध्ये हा विषाणू अजून सहज पसरत नाही. पण सस्तन प्राण्यांत त्याला जितकी जास्त संधी मिळेल, तितका तो बदलू शकतो.

समुद्र आपल्यापासून लांब असला तरी दर हिवाळ्यात आपल्या हतनूर धरणावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. त्यांना घाबरू नका, हाकलू नका. मात्र मेलेला पक्षी मुलांना उचलू देऊ नका. अंगणातल्या कोंबड्या एकाएकी मरू लागल्या, तर त्या कापू नका, विकू नका, नदी-नाल्यात टाकू नका. लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कोकणात सहलीला गेलात आणि किनाऱ्यावर मेलेला डॉल्फिन दिसला, तर फोटोसाठी जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा.

स्वयंपाकघरातही थोडी शिस्त हवी. कच्च्या चिकनची सुरी आणि पाट सॅलडसाठी तसेच वापरू नयेत, हात साबणाने धुवावेत. ७० अंशांपर्यंत आतून नीट शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत तो गाईंच्या कच्च्या दुधातही सापडला. दूध उकळून पिण्याची आपल्या घरांतली जुनी सवय म्हणूनच मोडू नका.