माल चढविण्याआधी धक्का बांधा

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत कापडबाजारात कुणाला फुरसत नसते. अशाच एका रात्री आमच्या बिलाच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती प्रोग्रामरने हाताने चढविली आणि दोन तास बिले बंद पडली. त्याच्या संगणकावर मात्र ती ठीक चालत होती!

यावर उपाय कंटेनरचा. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी ५८ पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला जहाजाने नेल्या. माल कोणताही असो, पेटी तीच. २०१३ साली आलेल्या डॉकरने प्रोग्राम व त्याला लागणारे सामान असेच एका पेटीत बांधले. २०१४ साली गूगलने जाहीर केलेले कुबरनेटीस अशा अनेक पेट्या सांभाळते, बंद पडलेली पुन्हा सुरू करते.

परंतु न्हावा शेव्यालाही आधी धक्का, मग जहाज. तयारी अशी : पेट्यांचे गोदाम म्हणजे रजिस्ट्री हवी आणि प्रत्येक पेटीवर वेगळा नंबर. पासवर्ड पेटीत नको, वेगळ्या कुलपात. हिशेब पेटीबाहेर ठेवा. पेटी बदलली की आतले जाते. त्याची नक्कल रोज दुसरीकडे. चाचणीची जागा वेगळी. एवढे झाल्यावरच आपोआप माल चढविणारी व्यवस्था बसवावी.

एका दुकानाला कुबरनेटीसची गरज नाही. एक सर्व्हर आणि डॉकर पुरे.

व्यापारी बांधवांनो, काम देताना एकच विचारा : बिघडले तर जुनी आवृत्ती किती मिनिटांत परत येईल? उत्तर नसेल, तर ईदनंतर या म्हणा.