खेळाचा दडलेला शेवट

श्रोतेहो, हल्ली पुष्कळ घरांतून एक तक्रार ऐकू येते. मुलाने महिनाभर खपून एक व्हिडिओ गेम संपवला आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तो पुन्हा तोच खेळ पहिल्यापासून सुरू! ‘अरे, संपला ना तो?’ म्हणून विचारावे, तर उत्तर येते, ‘खरा शेवट राहिलाय अजून.’ वडीलधाऱ्यांना हे निव्वळ वेड वाटते. पण त्यात थोडे तथ्य आहे.

ज्याला रोल प्लेइंग गेम म्हणतात, त्या खेळात आपण एका पात्राची भूमिका घेतो. कोणाशी बोलायचे, कोणाला मदत करायची, कोणावर शस्त्र उचलायचे, हे पुष्कळसे आपण ठरवतो. काय केले, किती वेळा केले, ह्याच्या नोंदी संगणकाची आज्ञावली मुकाट्याने ठेवीत असते आणि त्या पाहून शेवट निवडते.

ऐरोलीकरांना हे चटकन उमजेल. ठाण्याहून येणाऱ्या लोकलची वाट तुर्भ्यापुढे फुटते. एक वाशीला, दुसरी नेरुळकडे. फाटा दिसतो तुर्भ्यानंतर, पण आपण कुठे पोचणार हे ऐरोलीच्या फलाटावर, गाडीत पाय ठेवतानाच ठरलेले असते. खेळातही तसेच. फरक एवढाच की, तिथे गाडीवर पाटी नसते!

आपल्याकडचा मोक्षपट आठवा. सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप त्यातही आहेत. परंपरा त्याचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते. पण तिथे शिडी मिळायची ती दान पडेल तशी. ह्या नव्या खेळांत दान पुष्कळदा आपल्या हाती असते.

काही ठोस उदाहरणे घेऊ. जपानच्या स्क्वेअर कंपनीचा ‘क्रोनो ट्रिगर’ हा खेळ १९९५ साली आला. त्याला दहांहून अधिक शेवट आहेत. एकदा खेळ संपला की कमावलेले बळ घेऊन तो पुन्हा सुरू करता येतो, आणि अखेरच्या शत्रूला कथेच्या कोणत्या टप्प्यावर हरवता, त्यावर शेवट बदलतो. ‘पर्सोना ४’ (२००८) मधली युक्ती वेगळी. निरोपाच्या दिवशी सगळ्यांना भेटून मुकाट घरी गेलात, तर कथा तिथेच मिटते. मनात शंका धरून मागे राहिलात, तरच उरलेले रहस्य उलगडते.

पण मनाला चटका लावतो तो ‘अंडरटेल’. टोबी फॉक्स ह्या अमेरिकन तरुणाने तो २०१५ साली आणला. त्यात राक्षस भेटतात, पण एकालाही न मारता, उलट त्यांच्याशी मैत्री जोडीत गेल्यासच सर्वांत सुखद शेवट हाती लागतो. आणि गंमत अशी, बरं का, की एखाद्याने सर्वांचा संहार करून तो मार्ग शेवटास नेला, आणि मग पुन्हा पहिल्यापासून अगदी शहाण्यासारखे खेळले, तरी त्या सुखद शेवटावर एक काळा डाग उमटतोच. पाटी कोरी केली तरी खेळ विसरत नाही.

२०१७ सालच्या ‘नियर ऑटोमाटा’चे टोक आणखी निराळे. इंग्रजी अक्षरांनी ओळखले जाणारे त्याचे २६ शेवट आहेत. बरेचसे केवळ थट्टेचे. पण पाचव्या शेवटाला खेळ विचारतो : कुठल्याशा अनोळखी खेळाडूला मदत व्हावी म्हणून तुमचा आजवरचा जतन केलेला सगळा खेळ पुसून टाकाल का? हो म्हटले, तर तो खरोखरच पुसला जातो.

आता कोणी म्हणेल, इंटरनेटवर सगळ्या किल्ल्या मिळतात, मग एवढी यातायात कशाला? नोकरी सांभाळून रविवारचे दोन तास काढणाऱ्याने त्या पाहिल्या तर त्यात पाप नाही. काही अटी इतक्या आडवळणाच्या असतात की, त्या सांगितल्यावाचून सुचणे कठीण. पण यादी समोर ठेवून दाखवलेली दया ही हिशेबाची दया झाली. म्हणून पहिली खेप तरी आपल्या बुद्धीने खेळावी. जो शेवट पदरी पडेल तो आपला मानावा. किल्ली दुसऱ्या खेपेला आहेच.

आणि घरच्यांनी ‘संपला का?’ एवढेच न विचारता, ‘तू त्यात कोणाला सोडलंस, कोणाला मारलंस, आणि का?’ असे विचारून पाहावे. मुलाशी बोलायला ह्यापेक्षा चांगला विषय शोधून मिळायचा नाही.